शेड चालू आहे का? नागपुरातल्या चार स्टुडिओंच्या सामायिक मटेरियल लायब्ररीचं प्रकरण

यातल्या स्टुडिओंची, दुकानांची आणि माणसांची नावं दिलेली नाहीत. ओळख पटेल असे तपशीलही बदलले आहेत. लायब्ररी म्हणजे लाकूड, टाइल्स, कापड अशा सामानाचे नमुने माहितीसकट एकत्र ठेवलेली खोली. तिच्यातल्या नोंदींची रचना करण्याच्या कामात मी या मंडळींसोबत होतो.

पार्श्वभूमी

नागपूरच्या पश्चिम भागात एकमेकांपासून पायी जाण्याच्या अंतरावर चार लहान इंटिरियर डिझाइन स्टुडिओ आहेत. प्रत्येकात दोन-तीन डिझायनर, एखादा ड्राफ्ट्समन आणि साइट बघणारा एक माणूस. कामं बहुतेक फ्लॅटची, दवाखान्यांची आणि वर्धा रोडकडे झालेल्या नव्या वसाहतींमधल्या घरांची. चारही ऑफिसांत एक भिंत अगदी सारखी होती: लॅमिनेटचे (प्लायवर चिकटवायच्या रंगीत पत्र्यांचे) फोल्डर, व्हिनियरचे (खऱ्या लाकडाच्या पातळ पापुद्र्यांचे) तुकडे, कोपरे उडालेल्या टाइल्स, पडद्याच्या कापडांची शेड बुक, म्हणजे रंगछटांच्या वह्या. त्यातला कुठला फोल्डर चालू आणि कुठला केव्हाच बंद झालेला, हे फोन केल्याशिवाय कळत नसे.

ग्राहकाला मटेरियल दाखवायचं तर गाव पालथं घालावं लागे. प्लाय आणि लाकूड लकडगंजात, हार्डवेअर इतवारीत, कापड गांधीबागेत, टाइल्सची शोरूम आणखी तिसरीकडे. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर असताना तीन दुकानं झाली की चौथ्या दुकानात लोक “तुम्हीच ठरवा मॅडम” म्हणून मोकळे होतात. तेच लोक सामान बसल्यावर म्हणतात, “आम्ही हा रंग पाहिलाच नव्हता.” आणि त्यांचं म्हणणं खोटं नसतं. चार इंचांच्या चकतीवर त्यांनी जे पाहिलं आणि आठ बाय चार फुटांच्या शीटवर जे आलं, ते खरंच वेगळं असतं.

अडचण

चौघांना एकत्र आणलं ते एका वॉर्डरोबनं. एका स्टुडिओनं बेडरूमसाठी राखाडी लॅमिनेट आणि भिंतीला त्याच छटेचा रंग ठरवला होता. दुकानात दोन्ही नमुने शेजारी धरून पाहिले, तंतोतंत जुळले. दुकानातले दिवे पांढरे, ६५०० केल्विनचे (केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप; आकडा कमी तितका उजेड पिवळा). घरात फॉल्स सीलिंगला ३००० केल्विनचे पिवळसर एलईडी. लॅमिनेट चढलं, रंग झाला, आणि पहिल्याच संध्याकाळी भिंत राखाडी राहिली पण वॉर्डरोब शेवाळी दिसायला लागला.

याला मेटामेरिझम म्हणतात. दोन पृष्ठभागांतली रंगद्रव्यं वेगळी असली तरी एखाद्या उजेडात ती डोळ्याला सारखी दिसू शकतात. उजेड बदलला की फरक उघडा पडतो. त्यातच दोन शीट कमी पडल्या, त्या दुसऱ्या बॅचच्या आल्या आणि त्यांची छटाही किंचित निराळी निघाली. शटर बदलायचा खर्च स्टुडिओनं सोसला.

बाकीच्या तिघांकडेही अशा कहाण्या होत्या. एका बैठकीत त्या एकापाठोपाठ एक सांगितल्या गेल्या, तेव्हा दिसलं की अर्ध्याअधिक तक्रारी रंगाच्या नाहीतच, हवेच्या आहेत. नागपूरचा उन्हाळा कोरडा. लाकूड आकसतं, जोड उघडे पडतात. जूनअखेर पाऊस लागला की तेच लाकूड फुगतं आणि दारं अडकतात. या दोन्हींच्या मधे इथे एक तिसरा ऋतू घराघरात असतो, तो म्हणजे कूलर. बाहेर हवा कोरडी ठणठणीत, आणि खिडकीतल्या कूलरसमोरची भिंत मात्र तीन महिने ओलसर. कंपनीच्या माहितीपत्रकात ‘कोरड्या हवामानासाठी योग्य’ असं छापलेलं एमडीएफचं (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या बोर्डचं) कपाट नेमकं तिथेच बसवलेलं असतं. बैठकीला आलेल्या एका मिस्त्रींनी हे एका वाक्यात सांगितलं: “मॅडम, एमडीएफ कूलरसमोर नका देऊ. खालची कड बंद केली नाही तं दोन उन्हाळ्यांत पापडासारखी फुलून येते.”

चारही स्टुडिओंना हे वेगवेगळ्या साइटवर, आपापले पैसे घालून कळलेलं होतं. एकानं दुसऱ्याला सांगायची सोय नव्हती, आणि मिस्त्रींचं ज्ञान तर त्यांच्यासोबत पुढच्या साइटवर निघून जात होतं.

समोर असलेले पर्याय

मटेरियल लायब्ररी ही कल्पना नवी नाही. न्यूयॉर्कमध्ये मटेरियल कनेक्शन ही लायब्ररी १९९७ मध्ये सुरू झाली. वर्गणी भरून सभासद व्हायचं आणि निवडक मटेरियलचे नमुने हाताळायचे, अशी तिची पद्धत. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये इन्स्टिट्यूट ऑफ मेकिंग आहे, तिथे नमुन्यांच्या संग्रहाला लागूनच कार्यशाळा आहे. अमेरिकेत २०१९ पासून मटेरियल बँक वेगळ्या वाटेनं गेली: डिझायनरनं ऑनलाइन निवड करायची, अनेक कंपन्यांचे नमुने एकाच खोक्यात दुसऱ्या दिवशी सकाळी दारात. डिझायनरला हे फुकट, खर्च कंपन्यांचा.

नागपूरच्या चौघांपुढे यातून तीन वाटा आल्या. नुसतं ॲप करायचं, म्हणजे फोटो, कोड आणि दर. दुसरी वाट म्हणजे एका मोठ्या डीलरनं स्वतःहून मांडलेला प्रस्ताव: जागा, फर्निचर, स्क्रीन सगळं तो देणार, बदल्यात दर्शनी भिंत त्याच्या ब्रँडची. तिसरी वाट स्वतःच्या पैशानं एक खोली घेऊन खरे नमुने आणि त्यांच्यामागे जोडलेली माहिती उभी करण्याची.

ॲपची वाट लवकर मागे पडली. स्क्रीनवर मॅट आणि सुपर मॅट यांतला फरक दिसत नाही, कापडाची वीण बोटाला लागत नाही. डीलरच्या प्रस्तावावर मात्र बराच काळ खल झाला, आणि माझ्या मते सगळ्या प्रकरणातला हाच कळीचा टप्पा होता. पैसा खरोखर कमी होता. दोघं स्टुडिओप्रमुख म्हणत होते की मटेरियल बँकेचा खर्चही कंपन्याच उचलतात, मग आपण का नको? पण तिथे कंपन्या पुष्कळ आहेत, एकीचं वजन सगळ्यांवर पडत नाही. इथे पैसे देणारा एकच असणार होता. त्याच्या एखाद्या प्लायबद्दल ‘पावसाळ्यात थर सुटले’ असं त्याच्याच खोलीत कोण लिहिणार? प्रश्न असा मांडला गेल्यावर चौघांचं एकमत झालं आणि प्रस्ताव आदरानं परत केला गेला. खर्च चौघांनी वाटून घ्यायचा ठरला, खोली भाड्यानं घेतली, आणि इंटिरियरचा डिप्लोमा केलेल्या एका मुलीला पूर्ण वेळ नेमलं. तिला सगळे ताई म्हणतात, तिच्याहून वयानं मोठे मिस्त्रीसुद्धा.

काय केलं

खोलीच्या मधोमध एक टेबल आहे. त्यावर तीन प्रकारचे दिवे: ३०००, ४००० आणि ६५०० केल्विनचे, तिन्ही ९० च्या वर सीआरआय असलेले (सीआरआय म्हणजे उजेडात रंग किती खरे दिसतात याचा १०० पैकी आकडा), प्रत्येकाचं बटण वेगळं. उत्तरेच्या खिडकीचा दिवसाचा उजेड हा चौथा. ग्राहक लॅमिनेट, भिंतीचा रंग आणि पडद्याचं कापड एकत्र मांडतो आणि स्वतः बटणं दाबून पाहतो. राखाडी शेवाळी झालेली इथेच कळते. या टेबलाला खर्च फार आला नाही, आणि पुढे उपयोग मात्र खूप झाला.

नमुना आणि माहिती जोडायची कशी, यावर दोन मतं होती. पहिली कल्पना दिमाखदार होती: प्रत्येक नमुन्यामागे एनएफसी चकती (जवळ नेली की बिनतारी वाचली जाणारी चिप), टेबलाखाली रीडर, नमुना ठेवला की समोरच्या स्क्रीनवर माहिती. दाखवायला छान. पण ॲल्युमिनियम, स्टील, पितळ अशा धातूच्या नमुन्यांवर साधी चकती वाचली जात नाही, त्यासाठी वेगळी महागडी चकती लागते. शिवाय रीडर बिघडला की खोली मुकी. शेवटी क्यूआर कोड घेतला, पॉलिस्टरच्या लेबलवर छापलेला, आणि त्याच्याखाली ठळक अक्षरांत साधा क्रमांक. कॅमेरा चालला नाही तर क्रमांक फोनवर सांगता येतो. साइटवरून बोलणारे मिस्त्री आजही तेच करतात.

नमुन्यांचा आकारही ठरवावा लागला. एकरंगी लॅमिनेटला ए-फोर पुरतो. व्हिनियर, संगमरवर किंवा मोठ्या नक्षीची टाइल यांना तो अजिबात पुरत नाही, म्हणून त्यांचे दोन बाय दोन फुटांचे तुकडे भिंतीवरच्या सरकत्या चौकटींत बसवले. थ्रीडी दृश्यांसाठी हेच मोठे तुकडे स्कॅन केले. स्कॅन करताना शेजारी रंगांची प्रमाणपट्टी ठेवायची आणि टेक्स्चरच्या फाइलसोबत खरं माप लिहायचं. हे माप नसलं की रेंडरमध्ये सागाच्या रेषा हातभर रुंद दिसतात आणि ग्राहक मनात तेच चित्र धरून बसतो.

आता नोंदीबद्दल. पहिला मसुदा माहितीपत्रकाचीच नक्कल होता: कोड, जाडी, माप, दर, प्रमाणपत्र. प्लाय असेल तर आयएस ३०३ (सर्वसाधारण वापराचा) की आयएस ७१० (मरीन, पाण्याला जास्त टिकणारा), टाइल असेल तर पाणी किती शोषते, बाथरूमच्या फरशीसाठी घसरणरोधक श्रेणी आर १० की आर ११ (आकडा मोठा तितकी पकड जास्त). ही माहिती लागतेच. पण ती कंपनीकडून येते आणि नागपुरात काय झालं याबद्दल काहीच सांगत नाही. म्हणून प्रत्येक नोंदीत ‘साइटवरून’ असा एक रकाना घातला. नमुना पाहणारा कुणीही तिथे भर घालू शकतो, आणि नमुना स्कॅन केला की आधी तोच रकाना उघडतो. आजही एखादा नवा डिझायनर लायब्ररीत येतो तेव्हा मी त्याला आधी तो रकाना वाचायला सांगतो.

पण तिथे लिहायचं काय? ‘वाईट आहे’, ‘घेऊ नका’ असं लिहिलं तर उद्या डीलर भांडायला येईल, आणि त्याचं बरोबरही असेल, कारण दोष मालाचा की बसवणाऱ्याचा हे एका ओळीत ठरत नाही. यावर नियम झाला: निकाल द्यायचा नाही, परिस्थिती लिहायची. जागा, दिशा, पाणी, गोंद, कडा, किती काळानं काय झालं, आणि एक फोटो. एक नोंद अशी आहे: ‘पश्चिमेची बाल्कनी, गडद चॉकलेटी शटर, थेट ऊन. एज बँड मशीनवर ईव्हीए गमनं लावली. दुसऱ्या उन्हाळ्यात वरच्या कोपऱ्यातून सुटली.’ (एज बँड म्हणजे बोर्डाची उघडी कड झाकणारी पट्टी.) त्याखाली दुसऱ्या स्टुडिओची भर: ‘अशाच जागी पीयूआर गम, फिका रंग. अजून धरून आहे.’ ईव्हीए हा उष्णतेनं पुन्हा मऊ होणारा गोंद, पीयूआर एकदा पक्का झाला की तसा मऊ होत नाही. शिवाय गडद रंग उन्हात हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतो. दोन ओळी शेजारी वाचल्या की कुणालाही निर्णय घेता येतो आणि कुणाची बदनामी होत नाही.

स्थानिक माल आणि रिकामे रकाने

विदर्भातला माल लायब्ररीत हवाच, यावर कुणाचं दुमत नव्हतं. चंद्रपूर-गडचिरोलीचा बांबू, आलापल्लीच्या जंगलातला साग, ज्याला बाजार अजून जुन्या मध्य प्रांताच्या (सेंट्रल प्रॉव्हिन्सेस) नावानं सीपी टीक म्हणतो, भंडारा जिल्ह्यातला कोसा (टसर रेशीम), कोराडी-खापरखेड्याच्या औष्णिक केंद्रांच्या राखेच्या विटा. नमुने आले आणि नोंदीचा साचा तिथेच अडखळला. बांबूला शेड नंबर नसतो. कोशाच्या दोन थानांचा रंग एकसारखा येत नाही, आणि तेच त्याचं देखणेपण. निम्मे रकाने रिकामे राहिले, आणि रिकाम्या रकान्यांची नोंद पाहणाऱ्याला ‘अर्धवट’ वाटते. त्याच्या शेजारी कारखान्यातल्या लॅमिनेटची गच्च भरलेली नोंद. डिझायनर साहजिकच भरलेल्या नोंदीकडे वळत होते.

इथे मंडळींनी घेतलेला निर्णय मला फार मोलाचा वाटतो. साचा तसाच ठेवून ‘लागू नाही’ लिहिण्याऐवजी त्यांनी अशा मालासाठी वेगळा साचा केला. बांबूसाठी प्रश्न असे: कुठून तोडला, किती वर्षांचा, कीड लागू नये म्हणून बोरॅक्स-बोरिक ॲसिडची प्रक्रिया झाली का, किती वाळवला. सागासाठी ओलाव्याचं मोजमाप, तेही लाकूड ज्या महिन्यात घेतलं त्या महिन्याच्या उल्लेखासकट. कोशासाठी एका नमुन्याऐवजी फिक्या-गडद टोकांचे दोन नमुने, आणि ‘तुमचं थान या दोघांच्या मधलं कुठलंही असेल’ अशी स्पष्ट सूचना. हे झाल्यावर दोन स्टुडिओंनी पहिल्यांदाच दवाखान्याच्या प्रतीक्षागृहात बांबूची जाळी दिली.

अडखळणं आणि दुरुस्ती

सुरुवातीचे महिने उत्साहात गेले. मग एका डिझायनरनं लायब्ररीतून लॅमिनेट ठरवलं, ग्राहकाची सही घेतली, आणि ऑर्डर दिल्यावर डीलर म्हणाला, “शेड तं बंद झाली जी.” नोंद मात्र ‘उपलब्ध’ म्हणत होती. भरली गेली तेव्हा ती खरी होती. लॅमिनेटचे फोल्डर साधारण दीड-दोन वर्षांत बदलतात, मधेच काही शेड गळतात, आणि कंपनी हे डिझायनरला कळवत नाही.

यावर दोन सूचना आल्या. एक, डीलरनाच लॉगिन द्यायचं म्हणजे ते स्वतः बदल करतील. दुसरी, ताईनं दर सोमवारी ठरावीक यादी घेऊन फोन करायचे. पहिली सूचना स्वस्त होती, पण व्यस्त दुकानदार दुसऱ्याच्या यादीत रोज भर घालत बसत नाही, हे ताईनंच सांगितलं. दुसरी स्वीकारली, आणि तिला एक जोड दिली: प्रत्येक नोंदीवर शेवटच्या खात्रीची तारीख, आणि त्या तारखेला ६० दिवस उलटले की नोंद आपोआप करडी होते. करडी नोंद ठरवायची असेल तर आधी फोन करायचा. आता शेडच्या स्थितीला तीनच शब्द आहेत: चालू, मागवून मिळेल, बंद.

दराचा प्रश्न इतक्या सहज सुटला नाही. डीलरकडून डिझायनरला कमिशन मिळण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे, आणि चौघांचे व्यवहार वेगवेगळे होते. लायब्ररीत उघडा दर लावला तर ग्राहक तो आपल्या अंदाजपत्रकाशी ताडून पाहणार. तिघांना ते मान्य होतं; आम्ही डिझाइनची फी वेगळी लावू, असं ते म्हणाले. चौथ्याला मान्य नव्हतं. काही काळ दर फक्त स्टुडिओंना दिसतील अशी तडजोड चालली. पण ग्राहक त्याच खोलीत बसून विचारतो तेव्हा स्क्रीन झाकणं अवघड होतं. शेवटी चौथा स्टुडिओ बाहेर पडला, भांडण न होता.

निष्पत्ती

आज तीन स्टुडिओ लायब्ररी चालवतात आणि काही वास्तुविशारद वर्गणी भरून येतात. ग्राहकाच्या दुकानांच्या चकरा कमी झाल्या. आधी लायब्ररीत निवड अरुंद करायची आणि मग एक-दोन दुकानांतच जायचं, असा रिवाज पडला. खरेदी अजून लकडगंज-इतवारीतूनच होते, त्यामुळे सुरुवातीला साशंक असलेले दुकानदारही आता नवे फोल्डर आणून देतात.

नमुना घरी नेण्याची सोय मुळात जोडीची म्हणून ठेवली होती. तीच सर्वांत लोकप्रिय ठरली. तीन दिवस नमुना न्यायचा, आपल्या भिंतीला टेकवून रात्री पाहायचा. अनेक निवडी या तीन दिवसांत बदलतात, आणि नंतर होणारी कटकट तिथेच टळते. वॉर्डरोबवाला स्टुडिओ आता घरातले दिवे ठरल्याशिवाय लॅमिनेट अंतिम करत नाही.

‘साइटवरून’ हा रकाना मात्र सगळीकडे सारखा भरलेला नाही. प्लाय, एज बँड, एमडीएफ यांच्याबद्दल भरभरून, कापड आणि रंगाबद्दल जवळजवळ काहीच नाही. पेंटर आणि पडदे शिवणारे लायब्ररीत येतच नाहीत.

वेगळं काय करता आलं असतं

मिस्त्रींना सॉफ्टवेअर तयार झाल्यावर बोलावलं गेलं. तोवर नोंदी इंग्रजीत, टाइप करून भरायच्या अशी रचना झाली होती. त्यांनी ती वापरली नाही. नंतर व्हॉट्सॲपवर नमुन्याचा क्रमांक सांगून आवाजी निरोप पाठवायची सोय केली, मराठीत किंवा हिंदीत, आणि ताई ते ऐकून नोंदवू लागली. तेव्हा माहितीचा ओघ सुरू झाला. पहिल्या बैठकीतल्या त्या मिस्त्रींचं वाक्य सगळ्यांनी ऐकलं होतं. रचना त्या वाक्यापासून सुरू व्हायला हवी होती, आणि पेंटर, शिंपी यांनाही तेव्हाच बोलवायला हवं होतं.

कमिशन आणि दर यांबद्दल लेखी करार खोली भाड्यानं घेण्याआधी व्हायला हवा होता. मैत्रीत तो विषय टळला आणि चौथा भागीदार गेला तेव्हा उरलेल्या तिघांवर भाडं आणि पगार यांचा बोजा वाढला.

बंद झालेल्या शेडचे नमुने पहिल्या वर्षी फेकून दिले. पुढे जुने ग्राहक एखादं मोडलं शटर बदलायला आले, तेव्हा जवळची शेड शोधायला मूळ तुकडाच नव्हता. आता बंद शेडचा एक तुकडा वेगळ्या खणात राहतो आणि त्याच्या नोंदीत जवळच्या दोन पर्यायांचे क्रमांक असतात.

गच्चीवरची चाचणी उशिरा सुरू झाली. एज बँडचे वेगवेगळे गोंद आणि गडद-फिके रंग यांच्या पट्ट्या पश्चिमेच्या कठड्यावर लावून ठेवायच्या, म्हणजे साइटवरच्या ग्राहकाच्या घरात प्रयोग करावा लागणार नाही, ही सूचना ताईची. ती मान्य होऊन पट्ट्या लागल्या तोवर पाऊस आला होता आणि एक पूर्ण उन्हाळा हातचा गेला. येत्या मार्चअखेर कूलरसमोरचीही एक चौकट तयार होते आहे: त्याच एमडीएफचे तुकडे, काहींच्या कडा सीलबंद, काहींच्या उघड्या. त्यांची जाडी दर पंधरवड्याला मोजून नोंदीत जाईल.